अनुकृत व्हिडिओ गेम यंत्रे आणि ग्रामीण मराठवाडा : ‘१९४२’ या विमानखेळाच्या आधारे एक ऐतिहासिक अभ्यास (विशेष संदर्भ : आखाडा बाळापूर परिसर)

प्रस्तावना

हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी तालुक्यात, हिंगोली–नांदेड रस्त्यावर आखाडा बाळापूर हे गाव वसलेले आहे. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. ज्या काळात या नव्या जिल्ह्याची घडण चालू होती, त्याच काळात मराठवाड्यातील अशा गावांमधील घरांत दूरदर्शन संचाला जोडून खेळावयाचे एक यंत्र येऊन पोहोचले. लोक त्याला ‘व्हिडिओ गेम’ किंवा ‘टीव्ही गेम’ म्हणत. यंत्रात वरून खोवावयाची प्लॅस्टिकची पेटी म्हणजे ‘कॅसेट’ आणि हातात धरावयाची बटणांची पट्टी म्हणजे ‘रिमोट’. ध्वनिफितीची कॅसेट आणि दूरदर्शनचा रिमोट या दोन परिचित वस्तूंवरून ही नावे घेतलेली होती. नव्या वस्तूला जुन्या घरात जागा करून देण्याची समाजाची रीत या नामकरणातूनही दिसून येते.

या यंत्रावरील खेळांत ‘विमानाचा गेम’ म्हणून ओळखला जाणारा एक प्रकार होता. पडद्याच्या तळाशी एक लहान विमान, वरून खाली सरकणारा समुद्र, त्यात अधूनमधून येणारी बेटे आणि समोरून थव्याथव्याने येणारी शत्रूची विमाने, असे त्याचे स्वरूप असे. अशा खेळांपैकी सर्वाधिक पसरलेल्या खेळांत जपानमधील कॅपकॉम या कंपनीच्या ‘१९४२’ या खेळाची गणना करावी लागते.

माहिती तंत्रज्ञानाच्या भारतीय इतिहासात शासकीय संगणकीकरण, सॉफ्टवेअर निर्यात आणि शहरी उद्योग यांची सविस्तर नोंद झालेली आहे. ग्रामीण घरात प्रत्यक्ष हाताळल्या गेलेल्या या यंत्राची नोंद मात्र त्यात सहसा आढळत नाही. निर्मात्याच्या विक्रीच्या आकड्यांतही ते नाही, कारण मूळ निर्मात्याने ते तयारच केलेले नव्हते. कागदपत्रांच्या आधारे लिहिल्या जाणाऱ्या इतिहासातून अशी वस्तू निसटते. तेव्हा ती वस्तू आणि तिच्यावरील खेळ हेच ऐतिहासिक साधन मानून त्यांचे वाचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उद्दिष्टे

१. अनुकृत व्हिडिओ गेम यंत्रे ग्रामीण मराठवाड्यापर्यंत कोणत्या परिस्थितीत पोहोचली, याचा शोध घेणे.
२. ‘१९४२’ सारखाच खेळ सर्वदूर का पसरला, याची तांत्रिक कारणमीमांसा करणे.
३. वीजपुरवठा आणि दूरदर्शन संच यांच्या स्थानिक स्थितीचा खेळण्याच्या पद्धतीवर झालेला परिणाम पाहणे.
४. खेळातील १९४२ आणि मराठवाड्याच्या इतिहासातील १९४२ यांतील संबंध तपासणे.

सरकत्या पडद्याच्या खेळांची पूर्वपीठिका

तोमोहिरो निशिकादो यांनी तयार केलेला ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ तैतो या जपानी कंपनीने १९७८ मध्ये बाजारात आणला. त्यात खेळाडूचे यान पडद्याच्या तळाशी डावी-उजवीकडे हलत असे. पार्श्वभूमी स्थिर होती. पुढील चार-पाच वर्षांत पार्श्वभूमीच हलती ठेवण्याचे तंत्र रूढ झाले. १९८१ मध्ये कोनामी कंपनीचा ‘स्क्रॅम्बल’ आला. १९८२ मध्ये अमेरिकेतील ॲक्टिव्हिजन कंपनीसाठी कॅरल शॉ यांनी ‘रिव्हर रेड’ तयार केला. नदीवरून उडणाऱ्या विमानाचा हा खेळ अवघ्या ४ किलोबाइटमध्ये बसविलेला होता. नदीचा नकाशा साठवून ठेवण्यास जागा नसल्याने तो गणिती सूत्राने ऐनवेळी निर्माण करण्याची युक्ती त्यांनी योजली होती. त्याच सुमारास नामको कंपनीचा, मासानोबु एन्डो यांनी रचलेला ‘झेव्हियस’ आला आणि वरून पाहिलेल्या, खाली सरकत जाणाऱ्या भूमीचा नमुना त्याने दृढ केला.

‘१९४२’ हा या परंपरेतील पुढचा टप्पा होय. योशिकी ओकामोतो यांच्या रचनेतून तो १९८४ मध्ये नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रावर आला आणि १९८५ च्या अखेरीस घरगुती यंत्रावर उतरला. त्यात ३२ टप्पे असून त्यांची गणना ३२ पासून १ पर्यंत उलटी होते. प्रत्येक टप्प्यात विमान विमानवाहू जहाजावरून उडते आणि टप्पा संपताच पुन्हा जहाजावर उतरते. एका बटणाने गोळीबार होतो. दुसऱ्या बटणाने विमान हवेत कोलांटी घेते आणि तेवढा वेळ शत्रूच्या माऱ्यातून सुटते. अशा कोलांट्या मोजक्याच मिळत असल्याने त्या केव्हा वापरावयाच्या, हा या खेळातील खरा निर्णय असे.

अनुकृत यंत्राचा मार्ग

निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये ‘फॅमिली कॉम्प्युटर’ अर्थात फॅमिकॉम हे यंत्र १४,८०० येन किमतीस विक्रीस आणले. त्याची रचना मासायुकी उएमुरा यांच्या नेतृत्वाखाली झाली होती. कंपनीच्या नोंदीनुसार फॅमिकॉम आणि त्याची परदेशी आवृत्ती मिळून जगभरात ६ कोटी १९ लाखांहून अधिक यंत्रे विकली गेली. १९९० मध्ये निन्टेन्डोने अधिक शक्तिशाली यंत्र आणल्यानंतर हे यंत्र मागे पडले आणि २००३ मध्ये जपानमधील त्याचे उत्पादनही थांबले.

त्याचे दुसरे आयुष्य मात्र निन्टेन्डोच्या हिशेबाबाहेर चालू होते. तैवानमधील उत्पादकांनी फॅमिकॉमच्या दोन प्रमुख चिपांच्या समकक्ष चिपा तयार केल्या आणि त्यांच्या आधारे स्वस्त अनुकृत यंत्रे बनू लागली. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात तर संपूर्ण यंत्राचे कार्य एकाच चिपमध्ये सामावले गेले. पट्टिकेवर ही चिप थेट चिकटवून तिच्यावर काळ्या राळेचा थेंब टाकला जाई. अशा यंत्राचे झाकण उघडल्यास आत एक लहान हिरवी पट्टिका, एक काळा ठिपका आणि काही तारा एवढेच आढळते. किंमत उतरण्याचे रहस्य या ठिपक्यात आहे.

भारतात ‘सामुराई’, ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांनी ही यंत्रे ओळखली गेली. निन्टेन्डो हे नाव बहुसंख्य ग्राहकांच्या कानी पडलेच नाही. १९९१ मध्ये आर्थिक उदारीकरण सुरू झाले असले तरी ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरील संख्यात्मक निर्बंध बराच काळ टिकून होते. त्यांपैकी ७१४ वस्तूंवरील निर्बंध १ एप्रिल २००० रोजी आणि उरलेल्या ७१५ वस्तूंवरील १ एप्रिल २००१ रोजी उठविण्यात आले. तोवर विदेशी बनावटीच्या विद्युत उपकरणांची मागणी मुंबईच्या लॅमिंग्टन रोड आणि मनीष मार्केटसारख्या बाजारपेठा भागवीत. तेथून जिल्ह्याच्या ठिकाणी आणि जिल्ह्याहून रस्त्याकाठच्या गावांत, असा अशा मालाचा प्रवास होई. नांदेड आणि हिंगोली या दोन बाजारपेठांना जोडणाऱ्या रस्त्यावर असणे ही बाळापूरची या दृष्टीने जमेची बाजू होती.

या व्यवहाराची कायदेशीर बाजूही नोंदवावयास हवी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने संगणक आज्ञावलीचा समावेश झालेला होता. म्हणजे या कॅसेटमधील बहुतेक खेळ विनापरवाना नकलेच्या स्वरूपात विकले जात होते. ओकामोतो किंवा कॅपकॉम यांना त्यांतून काही मिळाले नाही आणि गावातील ग्राहकालाही आपण नक्कल विकत घेत आहोत, हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मूळ वस्तू परवानाधारक मार्गाने त्याच्यापर्यंत कधी आलीच नाही. त्यामुळे त्याच्या दृष्टीने नक्कल हीच मूळ वस्तू होती.

एका चिपमध्ये मावणारे विमान

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. फॅमिकॉमसाठी एक हजारांहून अधिक खेळ प्रसिद्ध झाले. त्यांत १९९० च्या आसपासचे, अधिक देखणे आणि गुंतागुंतीचे खेळ होते. असे असता नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही मराठवाड्यातील मुलांच्या वाट्याला १९८३ ते १९८६ या काळातील खेळच मुख्यतः का आले?

याचे उत्तर आवडीनिवडीत शोधण्यापूर्वी कॅसेटच्या रचनेत शोधणे योग्य ठरते. फॅमिकॉमच्या आरंभीच्या खेळांत आज्ञावलीसाठी जास्तीत जास्त ३२ किलोबाइट आणि चित्रांसाठी ८ किलोबाइट एवढीच जागा असे. ‘१९४२’ या मर्यादेत, म्हणजे एकूण ४० किलोबाइटमध्ये, बसलेला आहे. ‘झेव्हियस’ आणि ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हेही त्याच मापाचे खेळ होत. नंतरच्या मोठ्या खेळांना स्मृतीचे कप्पे आलटून पालटून उघडणारी जादा सामग्री कॅसेटमध्येच बसवावी लागे. ‘कॉन्ट्रा’ला आज्ञावली आणि चित्रे मिळून १२८ किलोबाइट लागत. नकलकाराच्या दृष्टीने हिशेब सरळ होता. एका मोठ्या खेळाच्या जागेत तीन लहान खेळ बसत आणि त्यांना जादा सामग्रीही लागत नसे. एका कॅसेटमध्ये अनेक खेळ देण्याची प्रथा यातून रूढ झाली. वेष्टनावर ‘९९९९ इन १’ असा आकडा छापलेला असे. प्रत्यक्षात खेळ मोजकेच असत. तेच खेळ निराळ्या नावांनी किंवा निराळ्या टप्प्यापासून सुरू होतील अशा रीतीने यादीत पुन्हा पुन्हा येत.

याचा अर्थ असा की, एका पिढीच्या स्मरणात ‘जुने अस्सल खेळ’ म्हणून जे राहिले, त्यांची निवड बऱ्याच अंशी स्मृतीच्या किमतीने केली होती. वाङ्मयाच्या इतिहासात कोणते ग्रंथ टिकले हे नकलून घेण्याच्या सोयीवरही अवलंबून असते. आटोपशीर पोथी अनेक घरांत पोहोचते आणि प्रचंड ग्रंथ मठात राहतो. ‘१९४२’ ही या अर्थाने आटोपशीर पोथी होती.

एवढ्या थोड्या जागेत अखंड सरकणारा समुद्र कसा दाखविला जाई, हेही पाहण्यासारखे आहे. या खेळात विमान वस्तुतः पुढे जात नाही. जमीन मागे सरते. यंत्राच्या चित्रस्मृतीत जेमतेम दोन पडद्यांचे चित्र मावते. खेळाडू एक भाग पाहत असता पडद्याबाहेरच्या भागात पुढची ओळ भरली जाते आणि मागे पडलेल्या ओळीची जागा नव्या ओळीसाठी मोकळी होते. विहिरीवरील रहाटगाडग्याच्या लोट्या एका बाजूने भरतात आणि दुसऱ्या बाजूने रिकाम्या होतात, तसा हा क्रम आहे. लोट्या मोजक्या असतात, पण पाण्याची धार तुटत नाही.

विमानांच्या संख्येवरही मर्यादा होती. हलत्या आकृतींसाठी पडद्यावर एका वेळी ६४ लहान तुकडे आणि एका आडव्या रेषेवर केवळ ८ तुकडे दाखविता येत. त्याहून अधिक झाल्यास उरलेले अदृश्य होत. ते कायमचे नाहीसे होऊ नयेत म्हणून आज्ञावली त्यांना आळीपाळीने दाखवी आणि त्यामुळे गर्दीच्या वेळी विमाने लुकलुकत. अनेक घरांत हा यंत्राचा किंवा कॅसेटचा बिघाड समजला जाई. प्रत्यक्षात तो १९८३ च्या रचनेचा धर्म होता आणि अनुकृत यंत्रानेही तो इमानाने जपला होता.

पडदा, वेग आणि वीज

यंत्र परदेशी आराखड्याचे असले तरी ते चालविण्याची परिस्थिती स्थानिक होती. ‘१९४२’ हा खेळ जपानी दूरदर्शन पद्धतीनुसार सेकंदाला ६० चित्रांच्या गतीस अनुसरून रचलेला होता. भारतात स्वीकारलेल्या पॅल पद्धतीत ही गती ५० आहे. पॅल पद्धतीच्या अनुकृत यंत्रावर हा खेळ म्हणूनच मूळ गतीच्या पाच-षष्ठांश वेगाने चालतो. संगीताची लय संथ होते आणि शत्रूच्या गोळ्याही सावकाश येतात. भारतातील मुलांना जो वेग ‘खरा’ वाटत होता, तो जपानमधील मुलांच्या वेगाहून वेगळा होता. एकच खेळ दोन ठिकाणी खेळला गेला तरी अनुभव एकच राहत नाही, याचे हे मोजता येण्याजोगे उदाहरण होय.

दूरदर्शन संचाचाही प्रश्न होता. भारतात रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये सुरू झाले, तथापि ग्रामीण भागातील अनेक घरांत कृष्णधवल संच नव्वदच्या दशकातही वापरात होते. ‘१९४२’ मध्ये तांबड्या विमानांचा संपूर्ण ताफा पाडल्यास बक्षिसाचे चिन्ह मिळते आणि त्यातून बंदुकीची शक्ती वाढते किंवा सोबतीला दोन छोटी विमाने येतात. कृष्णधवल पडद्यावर तांबडा रंग ओळखणे शक्य नसते. अशा संचावर खेळणाऱ्याला हा ताफा रंगावरून न ओळखता त्याच्या रांगेवरून आणि वळण घेण्याच्या लकबीवरून ओळखावा लागे. रचनाकाराने अपेक्षिलेली खूण उपलब्ध नसताना खेळाडू दुसरी खूण शोधून काढतो. कमतरतेतून निर्माण होणाऱ्या कौशल्याचा हा प्रकार शेतीपासून स्वयंपाकघरापर्यंत ग्रामीण जीवनात सर्वत्र परिचित आहे.

घरात संच एकच असल्याने त्यावर वडीलधाऱ्यांचा हक्क प्रथम असे. बातम्या, मालिका आणि क्रिकेटचा सामना यांतून उरलेला वेळ खेळाच्या वाट्याला येई. यंत्र जोडावयाचे म्हणजे अँटेनाची तार काढून यंत्राची तार लावणे, रिकामी वाहिनी शोधणे आणि चित्र स्वच्छ होईपर्यंत बारीक खुंटी फिरविणे आले. कॅसेट लागली नाही की तिच्या पट्टीवर फुंकर मारली जाई. त्याने खरे तर श्वासातील दमटपणामुळे पट्टी गंजण्याचीच भीती असते. खेळ सुरू होई तो पुन्हा खोवताना पट्टी नीट बसल्यामुळे, आणि श्रेय मात्र फुंकरीला जाई. ‘१९४२’ मध्ये दोन खेळाडूंना एकाच वेळी खेळता येत नाही. एकाचे विमान पडले की दुसऱ्याची पाळी येते. रिमोटची वाट पाहणारे भोवती बसून खेळणाऱ्याला सूचना देत. विटी-दांडूतील डावाचा नियम, म्हणजे ‘आउट झाला की दुसऱ्याचा डाव’, या खेळाला सहज लागू पडला.

सर्वांत निर्णायक ठरला तो वीजपुरवठा. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे ६ जून २००५ रोजी विभाजन होऊन महावितरण कंपनी स्थापन झाली. त्या सुमारास राज्यातील विजेची तूट तीव्र होती आणि पुढील काही वर्षे ग्रामीण भागाला दररोज अनेक तासांचे भारनियमन सोसावे लागले. ‘१९४२’ च्या कॅसेटमध्ये गुण साठवून ठेवण्याची सोय नव्हती. सर्वोच्च गुणसंख्या यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत राही आणि वीज जाताच पुसली जाई. ३२ टप्पे पार करून अखेरच्या टप्प्यावर पोहोचणे हे जेथे वीज अखंड असते तेथे कौशल्याचे काम होते. भारनियमनाच्या गावात ते वेळापत्रकाचेही काम होते. खेळाडूला शत्रूच्या विमानांबरोबर वीज जाण्याच्या घटकेचाही अंदाज बांधावा लागे. विक्रम झाला तरी त्याचा पुरावा म्हणजे त्या वेळी खोलीत हजर असलेल्यांची साक्ष.

या मुद्द्याला इतिहासलेखनाच्या दृष्टीने महत्त्व आहे. अन्यत्र छापील मासिकांत, स्पर्धांच्या नोंदींत आणि छायाचित्रांत अशा खेळांचे विक्रम शिल्लक राहिले. ग्रामीण मराठवाड्यात ते मौखिक परंपरेत गेले.

१९४२ : खेळातील आणि मराठवाड्यातील

या खेळाचे नाव म्हणजे एक ऐतिहासिक वर्ष आहे. खेळाडूचे विमान अमेरिकेचे पी-३८ लाइटनिंग असून युद्धभूमी प्रशांत महासागराची आहे. टप्प्यांच्या नावांत मिडवे, मार्शल, अट्टू, राबाउल, लेते, सायपान, इवोजिमा आणि ओकिनावा ही ठिकाणे येतात आणि अखेरचे लक्ष्य टोकियो आहे. मिडवेची लढाई ४ ते ७ जून १९४२ या काळात झाली. त्या लढाईत पी-३८ विमानांचा सहभाग नव्हता. ते जमिनीवरील धावपट्टीवरून उडणारे विमान असल्याने विमानवाहू जहाजावरून त्याचे उड्डाण हेही खेळातील स्वातंत्र्य होय. विशेष म्हणजे जपानी विमाने पाडत जपानच्या राजधानीकडे जाण्याचा हा खेळ एका जपानी कंपनीनेच तयार केला. पाश्चात्त्य बाजारपेठेत स्थान मिळविणे हा त्यामागील हेतू होता. युद्ध संपून चार दशके झाल्यानंतर पराभवाच्या स्मृतीचेही विक्रेय वस्तूत रूपांतर झाले होते.

महाराष्ट्रातील विद्यार्थी शाळेत १९४२ हे वर्ष शिकतो ते ‘चले जाव’ आंदोलनाचे म्हणून. मराठवाड्याच्या संदर्भात त्याला आणखी एक पदर आहे. बाळापूर परिसर तेव्हा हैदराबाद संस्थानच्या परभणी जिल्ह्यात मोडत होता. १९३८ पासून हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी होती आणि १९४२ च्या आंदोलनात स्वामी रामानंद तीर्थ यांना अटक झाली. संस्थानचे विलीनीकरण १७ सप्टेंबर १९४८ रोजी झाले. गावातील मुलाच्या हातात ‘१९४२’ ही कॅसेट असे आणि पाठ्यपुस्तकात १९४२ हा धडा असे. या दोहोंचा संबंध जोडून देणारे कोणीही नव्हते.

संबंध मात्र होता आणि तो वरवरचा नव्हता. पहिल्या महायुद्धात निजामाच्या देणगीतून ब्रिटिश हवाई दलाच्या ११० क्रमांकाच्या तुकडीला डी.एच. ९ए जातीची विमाने मिळाली होती. त्यामुळे या तुकडीच्या नावात ‘हैदराबाद’ हा शब्द आला. दुसऱ्या महायुद्धात १५२ क्रमांकाची तुकडीही ‘हैदराबाद’ तुकडी म्हणून ओळखली गेली. तिच्या बोधचिन्हात निजामाच्या शिरोभूषणाची आकृती होती. स्पिटफायर विमाने वापरणारी ही तुकडी १९४० मध्ये ब्रिटनच्या संरक्षणासाठी लढली आणि १९४३ च्या अखेरीस ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपानविरुद्ध पाठविण्यात आली. ११० क्रमांकाची तुकडीही १९४२ मध्ये भारतात येऊन पुढे ब्रह्मदेशातील युद्धात उतरली.

हैदराबाद संस्थानच्या वैभवाचा एक मोठा आधार जमीन महसूल हा होता आणि तो मराठवाड्यातील गावांतूनही गोळा होई. जपानी विमानांशी खरोखर लढलेल्या तुकड्यांमागे उभी असलेली ही संपत्ती ज्या प्रदेशातून आली, त्याच प्रदेशातील नातवंडांनी अर्धशतकानंतर पडद्यावर जपानी विमाने पाडली. आजोबांच्या पिढीला ते युद्ध दिसले नाही, त्याचा भार तेवढा वाट्याला आला. नातवाच्या पिढीला युद्ध दिसले, परंतु त्यातून भारताचा आणि हैदराबादचा भाग वगळलेला होता. ६ एप्रिल १९४२ रोजी विशाखापट्टणम आणि काकीनाडा येथे आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये कोलकाता येथे जपानी विमानांनी बाँब टाकले, हेही त्या पडद्यावर नव्हते. खेळ खोटे सांगतो असा याचा अर्थ नाही. तो ज्यांच्यासाठी तयार झाला त्यांचाच इतिहास सांगतो आणि नकलेच्या मार्गाने तो जेथे पोहोचतो तेथील इतिहास त्याला ठाऊक नसतो. ही उणीव भरून काढण्याचे काम शिक्षकाचे होते. खेळ वर्गाबाहेरची आणि वेळ दवडणारी गोष्ट मानला गेल्याने ती संधी हातची गेली.

घरातील पहिला संगणक

या यंत्राला खेळणे समजण्याची सवय असली तरी तांत्रिकदृष्ट्या ते संगणकच होते. त्याच्या मूळ जपानी नावातही ‘कॉम्प्युटर’ हा शब्द आहे. त्यातील प्रक्रियक १९७५ मध्ये आलेल्या ६५०२ या प्रक्रियकावर आधारित होता. १९८४-८५ मध्ये भारत सरकारने शालेय संगणक साक्षरतेसाठी ‘क्लास’ प्रकल्प हाती घेतला. त्यासाठी निवडलेल्या बीबीसी मायक्रो संगणकातही ६५०२ कुळातीलच प्रक्रियक होता. म्हणजे ज्या कुळाचा संगणक शासनाने आरंभी देशभरातील सुमारे २५० शाळांना दिला, त्याच कुळाचा संगणक काही वर्षांनी खेळण्याच्या रूपाने बाजाराने असंख्य घरांना दिला. पहिल्याची फाइल आहे, दुसऱ्याची नाही.

महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना २००१ मध्ये झाली आणि एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाच्या रूपाने संगणक साक्षरता तालुक्याच्या गावांपर्यंत गेली. ग्रामीण महाराष्ट्रातील संगणक प्रसाराचा इतिहास सामान्यतः येथून सुरू केला जातो. परंतु पडद्यावरील आकृती आपल्या बोटांच्या हालचालीने बदलते, यादीतून निवड करावयाची असते, चुकले तर पुन्हा आरंभ करता येतो, या गोष्टी अनेकांच्या हातांना त्याआधीच परिचित झालेल्या होत्या. याच यंत्राला कळफलक जोडलेली रूपेही ‘शैक्षणिक संगणक’ म्हणून विकली गेली. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘प्लेपॉवर’ या उपक्रमाने भारतीय बाजारातील अशा स्वस्त टीव्ही-संगणकांसाठी शैक्षणिक खेळ तयार करण्याचा प्रयत्न केला. बाहेरून आलेल्या अभ्यासकांना या वस्तूतील शैक्षणिक शक्यता दिसली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

या दाव्याची मर्यादाही स्पष्ट केली पाहिजे. अनुकृत यंत्राने आज्ञावली लिहिण्यास शिकविले नाही. ते बंद पेटीच्या स्वरूपात आले आणि काळ्या राळेखाली काय आहे हे पाहण्याची सोय त्यात नव्हती. त्याने दिले ते पडद्याविषयीचे निर्भयपण. संगणकाला हात लावल्यास बिघडेल ही भीती ज्या काळात सरकारी कार्यालयांतही होती, त्या काळात गावातील मुले तारा काढून जोडत होती.

निष्कर्ष

१. अनुकृत व्हिडिओ गेम यंत्रे ही आयात निर्बंध, तैवानी चिपनिर्मिती आणि स्थानिक बाजारपेठा यांच्या संयोगातून ग्रामीण मराठवाड्यात आली. मूळ कंपनीच्या विक्रीच्या इतिहासात त्यांना स्थान नाही.

२. ‘१९४२’ सारख्या खेळांचा प्रसार त्यांच्या गुणवत्तेइतकाच त्यांच्या ४० किलोबाइटच्या आकारमानामुळे झाला.

३. पॅल पद्धतीचा संथ वेग, कृष्णधवल संच, एकाच संचावरील सामायिक हक्क आणि भारनियमन यांमुळे या खेळाला स्वतंत्र स्थानिक रूप प्राप्त झाले.

४. खेळातील १९४२ आणि हैदराबाद संस्थानातील १९४२ यांत प्रत्यक्ष ऐतिहासिक दुवा होता. तो अध्यापनात कधी आला नाही. आजही स्थानिक इतिहास शिकविताना तो उपयोगात आणता येईल.

५. ही यंत्रे ग्रामीण घरातील संगणक-परिचयाचा प्रारंभ म्हणून अभ्यासली जाणे आवश्यक आहे.

या अभ्यासाला काळाची निकड आहे. काचेच्या जाड नळीचे दूरदर्शन संच घरांतून जवळजवळ हद्दपार झाले असून नव्या संचांवर ही यंत्रे जोडणे कठीण झाले आहे. ई-कचऱ्याविषयीचे नियम १ मे २०१२ पासून लागू झाले, पण भंगारात गेलेल्या अशा वस्तूंची गणती झाली नाही. ज्यांनी ती हाताळली, ती पिढी आता चाळिशीच्या आसपास आहे आणि तिच्यातील अनेक जण महाविद्यालयांतून अध्यापनही करीत आहेत. इतिहास विभागाने एखादे यंत्र, काही कॅसेट आणि त्यांच्याविषयीच्या आठवणी संकलित करून ठेवल्यास त्याला फारसा खर्च येणार नाही. वीज गेल्यावर पुसले गेलेले गुण पुन्हा मिळणार नाहीत, परंतु त्या खोलीत हजर असलेले साक्षीदार अजून गावात आहेत.